दोन व्हॉल्व्ह आणि एक अंधारी डबी : घरी बांधायचा ऑप्टिकल कॉम्प्रेसर

गाताना आवाज मोठा झाला की रेकॉर्डिस्ट फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ, किंचित खाली घेतो, ओळीचा शेवट हळू झाला की पुन्हा वर करतो. हेच काम सर्किटकडून करून घेणारे यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामध्ये जिम लॉरेन्स यांच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीने यासाठी एलए-२ए हे यंत्र काढले. गंमत अशी, की त्यातले चार व्हॉल्व्ह (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) आवाज दाबण्याचे काम करतच नाहीत. ते काम टी४ नावाची एक बंद डबी करते. डबीत एक चमकणारी पट्टी असते आणि तिच्यासमोर एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रोध कमी होणारे रेझिस्टर. आवाज वाढला की पट्टी उजळते, एलडीआरचा रोध पडतो आणि सिग्नलचा काही भाग जमिनीकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामायिक बिंदूकडे, वळतो. व्हॉल्व्ह फक्त पट्टी पेटवतात आणि घटलेला सिग्नल पुन्हा मोठा करतात.

पहिल्यांदा बांधणाऱ्याने याच जातीकडे वळावे. त्याच काळातल्या फेअरचाइल्ड ६७० चे नाव फार मोठे आहे, पण त्यात २० व्हॉल्व्ह आणि १४ ट्रान्सफॉर्मर आहेत. शिवाय तिथे व्हॉल्व्हचाच गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, बदलत असल्यामुळे जोडीतले व्हॉल्व्ह नेमके जुळावे लागतात. पहिल्या प्रयत्नाला त्या वाटेला जाऊ नका.

इथे दिलेली रचना एलए-२ए ची नक्कल नाही, तिचे तत्त्व घेऊन सोपी केलेली आहे. मूळ पट्टीला पेटायला शे-दोनशे व्होल्टचा एसी सिग्नल लागतो, म्हणून तिथे ६एक्यू५ हा पॉवर व्हॉल्व्ह आहे. आपण पट्टीच्या जागी एलईडी वापरू. तिला काही मिलीअँपिअर पुरतात, त्यामुळे ईसीसी८३ आणि ईसीसी८२ या दोनच व्हॉल्व्हमध्ये काम भागते. अमेरिकी नावे १२एएक्स७ आणि १२एयू७. प्रत्येकाच्या काचेत दोन ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि ॲनोड अशा तीन टोकांचे घटक) असतात, म्हणजे हाताशी चार ट्रायोड आले.

आधी जिवाचे बघा

या सर्किटमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये राहते. घरातला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, इथे तुम्हाला वाचवणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची बाजू मेन्सपासून वेगळी असते आणि तिथला शॉक आरसीसीबीला कळतच नाही. म्हणून चार नियम पाळा. चासी धातूची घ्या आणि थ्री-पिन प्लगची अर्थ वायर स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, चासीला आवळा. पहिल्या कपॅसिटरवर २२० के (किलोओहम), १ वॉटचा ब्लीडर, म्हणजे उरलेला चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर, कायमचा लावा. प्लग काढल्यावर दोन मिनिटे थांबा, मग मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा आणि मगच हात घाला. चालू सर्किट मोजताना डावा हात खिशात. स्क्रू-ड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. ५ वॉटचा १० के रेझिस्टर आवरण असलेल्या वायरला जोडून त्याने डिस्चार्ज करा.

पहिल्यांदा करंट देताना यंत्र सिरीज बोर्डवर चालवा, म्हणजे मेन्सच्या लाइनमध्ये ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब घालून. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. झळझळीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामाचा नाही, फिलामेंटचाच हवा.

काय काय लागेल

मेन्स ट्रान्सफॉर्मर : प्रायमरी २३० व्होल्ट, सेकंडरी २२० व्होल्ट ६० मिलीअँपिअर आणि ६.३ व्होल्ट १.५ अँपिअर. असा तयार सहसा मिळत नाही, वाइंडिंगवाल्याकडून बांधून घ्या आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड घालायला सांगा. फक्त प्रयोग करून पाहायचा असेल तर १२ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून चालतात. पहिला २ अँपिअरचा, दुसरा १ अँपिअरचा उलटा जोडलेला. मधल्या १२ व्होल्टवर व्हॉल्व्ह तापवणारे हीटरही चालतात, मात्र तेव्हा ते १२ व्होल्ट पिन ४ आणि ५ च्या मध्ये द्या, पिन ९ मोकळी ठेवा. या जुगाडात पुढे दिलेली व्होल्टेज साधारण १० टक्के कमी येतील, पण सर्किट चालेल.

इनपुट ट्रान्सफॉर्मर १० के ला १० के, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर १० के ला ६०० ओहम. हे दोन्ही ऑडिओ लाइनचेच हवेत. खर्चाचा मोठा वाटा इथे जातो आणि तो वाचवण्यात अर्थ नाही. रेडिओतला जुना स्पीकर ट्रान्सफॉर्मर लावला तर खर्ज आणि टिपेचा बारकावा, दोन्ही जातात.

दोन नऊ पिनी सिरॅमिक सॉकेट. १एन४००७ सहा, १एन४१४८ चार. इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे : ४७ मायक्रोफॅरडचे दोन, २२ चे दोन. फिल्म कपॅसिटर ४०० व्होल्टचे : ४.७, १ आणि ०.१ मायक्रोफॅरड. २२ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन, १० मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा एक. ऑडिओच्या वाटेवर मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. पॉट (नॉबने फिरणारे रेझिस्टर) दोन : गेनसाठी १०० के लॉग, दाबासाठी २५० के. फ्यूज २५० मिलीअँपिअर, स्लो-ब्लो. एलडीआर किमान दहा. ते स्वस्त असतात आणि दहांतले दोन-तीनच मनासारखे निघतात. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह सोडले तर बाकी सगळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळावे. ईसीसी८३ आणि ईसीसी८२ आजही नवे बनतात. स्लोव्हाकियाच्या जेजे चे या कामाला चांगले. जुन्या रेडिओतून निघालेला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी८३ हाती असेल तर तोही लावून पाहा.

पायरी १ : पॉवर सप्लाय

चार १एन४००७ चा ब्रिज, त्यावर ४७ मायक्रोफॅरड आणि ब्लीडर. तिथून १ के, ५ वॉट, मग दुसरा ४७ मायक्रोफॅरड. हा बिंदू ‘अ’, इथून ईसीसी८२ चे दोन्ही ॲनोड चालतात. ‘अ’पासून दोन वेगळ्या वाटा काढा. प्रत्येकीत ४७ के, १ वॉट आणि २२ मायक्रोफॅरड. हे बिंदू ‘ब’ आणि ‘क’. ‘ब’ ऑडिओच्या ट्रायोडला, ‘क’ दाबाच्या साखळीतल्या ट्रायोडला. दोघांना एकाच बिंदूवर बसवून एक कपॅसिटर वाचवण्याचा मोह होतो, पण मग एलईडीची धडधड सप्लायमधून ऑडिओत शिरते आणि सर्किट मोटरबोटीसारखे फटफटू लागते.

व्हॉल्व्ह न बसवता मोजा. सगळीकडे ३१० ते ३३५ व्होल्ट दिसतील. मेन्स २५० पर्यंत चढले तर त्याहून वर. म्हणूनच कपॅसिटर ४५० चे, ३५० चे नाहीत.

हीटरसाठी दोन्ही सॉकेटवर पिन ४ आणि ५ एकत्र करून एक टोक, पिन ९ दुसरे टोक, मध्ये ६.३ व्होल्ट. वायर घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्या. हीटरच्या दोन टोकांपासून १०० ओहमचे दोन रेझिस्टर एका बिंदूवर आणा, पण तो बिंदू थेट जमिनीला जोडू नका. ‘अ’पासून २२० के आणि तिथून जमिनीला ४७ के असा विभाजक करा, ४७ के वर १० मायक्रोफॅरड लावा आणि हीटरचा मध्यबिंदू तिथे बांधा. हीटर साधारण ५० व्होल्टवर तरंगू लागतील. कारण असे : ईसीसी८२ चे कॅथोड आपल्याकडे १६० व्होल्टच्या वर बसते आणि हीटर-कॅथोडमधली मर्यादा सुमारे १८० व्होल्ट आहे. मर्यादेच्या काठावर चाललेला व्हॉल्व्ह आधी गुणगुणतो, मग जातो.

पायरी २ : ऑडिओची वाट

इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे एक टोक जमिनीला, दुसऱ्यापासून ६८ के. त्याच्या पुढच्या टोकाला ‘गाठ’ म्हणू. सगळा खेळ या गाठीवर चालतो. गाठीपासून जमिनीला ऑडिओचा एलडीआर येईल, पण तो नंतर, आत्ता जागा मोकळी ठेवा. गाठीवरच दोन्ही पॉटची वरची टोके जोडा, खालची जमिनीला.

गेन पॉटच्या मधल्या पिनपासून १ के मधून ईसीसी८३ च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर. मधली पिन ते जमीन १ एम (मेगओहम) लावा, पॉट झिजून क्षणभर संपर्क सुटला तरी ग्रिड अधांतरी राहणार नाही. पिन ३, कॅथोड : १.५ के जमिनीला. पिन १, ॲनोड : १०० के मधून ‘ब’ला. ॲनोडपासून १ के मधून सरळ ईसीसी८२ च्या पिन २ वर, मध्ये कपॅसिटर नाही. ईसीसी८२ ची पिन १ ‘अ’ला, पिन ३ पासून २२ के, ५ वॉट जमिनीला. पिन ३ पासूनच ४.७ मायक्रोफॅरडमधून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १० के बाजूला.

गेन पॉट १०० के का, ५०० के का नाही? ईसीसी८३ चा ट्रायोड कॅथोडच्या रेझिस्टरवर बायपास कपॅसिटर लावून ६० पट वाढवतो, तेव्हा ग्रिड आणि ॲनोडमधली दीड-पावणेदोन पिकोफॅरडची धारिता ग्रिडला शंभर-सव्वाशे पिकोफॅरडसारखी भासते. पॉट मोठा घेतला की ही धारिता टिपेचे सूर गिळते आणि नॉब मधोमध असताना आवाज कोंदट येतो. नवशिके मग कपॅसिटरचे ब्रँड बदलत बसतात.

आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. चालू करताना व्हॉल्व्ह थंड असतात, ईसीसी८२ च्या ग्रिडवर पूर्ण सप्लाय चढू पाहतो आणि कॅथोड शून्यावर असते. आत ठिणगी पडू शकते. म्हणून पिन २ ते पिन ३ एक १एन४००७ लावा, पट्टा पिन ३ कडे. गरम झाल्यावर कॅथोड ग्रिडपेक्षा काही व्होल्ट वर जाते, डायोड उलटा पडतो आणि ऑडिओत लुडबुड करत नाही.

आता दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच बसवा. ईसीसी८३ काढून एकटा ईसीसी८२ कधीही चालवू नका, त्याचे ग्रिड सप्लायला टेकते, कॅथोड अडीचशेच्या पुढे जाते आणि मघाची मर्यादा मोडते. दुसरी बाजू अजून जोडलेली नसली तरी हरकत नाही. सगळी बांधणी झाल्यावर दिसायला हवीत अशी व्होल्टेज : ‘अ’ २८५ ते २९५, ‘ब’ आणि ‘क’ २४० ते २५५, ईसीसी८३ चा ॲनोड १५० ते १७०, त्याचे कॅथोड १.२ ते १.५, ईसीसी८२ चे कॅथोड त्या ॲनोडपेक्षा दोन ते सहा व्होल्ट वर. आत्ता अर्धेच ट्रायोड चालू असल्यामुळे सगळे थोडे वर दिसेल. ईसीसी८३ चे कॅथोड शून्य दिसले तर बहुतेक ॲनोडच्या किंवा कॅथोडच्या वायरचा ड्राय जॉइंट, म्हणजे कच्चा सोल्डर, आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ६०० ओहम बाजूवर १ के कायमचा लावून ठेवा. आजच्या ऑडिओ इंटरफेसचे (संगणकात आवाज घेणाऱ्या पेटीचे) इनपुट १० के किंवा जास्त असते. इतक्या हलक्या भाराने ट्रान्सफॉर्मर मोकळा पडतो, ४.७ मायक्रोफॅरडबरोबर खाली झोके घेतो आणि वरच्या टोकालाही उभार येतो.

या टप्प्यावर यंत्र म्हणजे साधा लाइन ॲम्प्लिफायर आहे. गाठीवर सुमारे ६ डेसिबल आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये १२ डेसिबल जातात, तरी नॉब पूर्ण उघडल्यावर ११ डेसिबलच्या आसपास वाढ उरते. जास्त हवी असेल तर १.५ के वर २२ मायक्रोफॅरड लावा, वाढ १७ च्या जवळ जाईल. इथे गुणगुण ऐका. ५० हर्ट्झची जाड गुणगुण असेल तर हीटरच्या वायरी किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा चुकली आहे. १०० हर्ट्झची किरकिरी गुणगुण असेल तर सप्लाय किंवा जमिनीची जोडणी. सर्व जमिनी दुसऱ्या ४७ मायक्रोफॅरडच्या ऋण टोकाला एकत्र आणा आणि तिथून एकच वायर चासीला. इनपुट ट्रान्सफॉर्मर पक्का बसवण्याआधी त्याची सेकंडरी इंटरफेसला जोडा, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू करा आणि इनपुट ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवत गुणगुण सर्वात कमी होईल तो कोन शोधा. मग भोके पाडा. आधी भोके पाडून नंतर पस्तावणारेच जास्त.

पायरी ३ : डबी

बाकीचे यंत्र चुकले तर दुरुस्त होते, डबी चुकली तर कॉम्प्रेसरला स्वभावच राहत नाही. घाई इथे करू नका.

एलडीआर जीएल ५५२८ जातीचा घ्या. कॅडमियम सल्फाइडला हिरवा-पिवळा उजेड सर्वात जास्त कळतो, सुमारे ५४० नॅनोमीटरचा. म्हणून एलईडी जुन्या धाटणीची पोपटी हिरवी, दुधी काचेची, २ व्होल्टच्या आसपास पेटणारी घ्या. पांढरी शुभ्र, डोळे दिपवणारी एलईडी नको. ती जरा पेटली की एलडीआर एकदम तळाला जातो आणि दाब गुळगुळीत न येता टप्प्याने येतो.

सगळे एलडीआर आधी काळ्या पेटीत रात्रभर ठेवा. त्यांना उजेडाची आठवण राहते, खिडकीत पडलेला आणि कपाटात पडलेला एलडीआर सारखे आकडे देत नाहीत. मग एलईडीतून १ मिलीअँपिअर सोडून प्रत्येकाचा रोध मोजा. शे-दोनशे ओहम ते २ के च्या मध्ये यावा. एलईडी बंद केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ५०० के च्या वर चढावा. रेंगाळणारे बाजूला काढा.

एलईडीची गोल टोपी कानशीने सपाट करा, पण आतल्या तारेपर्यंत जाऊ नका. एलईडी मध्ये, दोन बाजूंनी दोन एलडीआर, एक ऑडिओसाठी, एक पुढेमागे मीटर लावण्यासाठी. टी४ मध्येही असेच दोन असतात. मीटरचे सर्किट आत्ता टाळा, पण दुसरा एलडीआर आत्ताच घाला, कारण बंद केलेली डबी पुन्हा उघडणे म्हणजे नवी बनवणे. वरून काळ्या हीट-श्रिंकचे दोन थर. एका थरातून उजेड झिरपतो, टॉर्च लावून बघा. टोकांना पायांच्या मधून येणारा उजेड काळ्या इपॉक्सीने बंद करा. तयार डबीचा रोध खोलीतल्या दिव्याखाली आणि मुठीत झाकून मोजा. आकडा हलला तर अजून गळते आहे.

पायरी ४ : दाबाची साखळी

दाबाच्या पॉटच्या मधल्या पिनपासून १ के मधून ईसीसी८३ च्या पिन ७ वर. पिन ८ : १.५ के आणि २२ मायक्रोफॅरड जमिनीला. पिन ६ : १०० के मधून ‘क’ला. तिथून पुन्हा १ के, ईसीसी८२ ची पिन ७, पिन ६ ‘अ’ला, पिन ८ पासून २२ के, ५ वॉट, आणि तोच संरक्षक डायोड पिन ७ ते ८. पिन ८ पासून १ मायक्रोफॅरड, मग १० के, मग चार १एन४१४८ चा ब्रिज. ब्रिजचे दुसरे एसी टोक जमिनीला, एलईडी धन-ऋण टोकांत. एलईडीचा कोणताही पाय जमिनीला लागता कामा नये. तो लागला तर अर्धीच लाट काम करते आणि खालच्या सुरांवर दाब थरथरतो.

१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.१ घेतला तर १६० हर्ट्झच्या खालचा आवाज एलईडीला कमी पोचतो, म्हणजे खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला सगळे गाणे बुडी मारत नाही. दोन्हींमध्ये एक स्विच लावा, वापरला जाईल.

आता ऑडिओचा एलडीआर गाठीपासून जमिनीला जोडा. साखळी सिग्नल गाठीवरूनच घेते, म्हणजे दाबून झालेल्या आवाजावरूनच पुढचा दाब ठरतो. एलए-२ए मध्येही तसेच आहे. एलडीआरमधला सारा वेडेवाकडेपणा या उलट्या फेरीमुळे मऊ होतो.

पायरी ५ : जुळवणी

इंटरफेसमधून ४०० हर्ट्झचा सूर सोडा. १००० चा नको, स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट काही शे हर्ट्झपर्यंतच नीट मोजतात. इनपुटवर १.२३ व्होल्ट आणा. दाबाचा पॉट शून्यावर ठेवून आउटपुट १.२३ व्होल्ट होईल असा गेन लावा. मग दाब उघडत जा, आउटपुट ०.३९ व्होल्टवर येईल तिथे थांबा. हा १० डेसिबलचा दाब झाला. आता इनपुट १० डेसिबलने वाढवा, म्हणजे ३.९ व्होल्ट. आउटपुटही तितकेच वाढले तर साखळी झोपली आहे : एलईडी उलटी लागली असेल, किंवा ब्रिजमधला एखादा डायोड. आउटपुट थोडेसेच वाढून थांबले तर काम झाले.

सुटण्याची चालही ऐका. एलए-२ए मध्ये दाबाचा पहिला अर्धा भाग साधारण ६० मिलीसेकंदांत सुटतो आणि उरलेला काही सेकंद घेतो, जितका वेळ दाबून ठेवला तितका हळू. आपल्या डबीतही तोच कल दिसेल. पकड मात्र मुळापेक्षा संथ असते, या जातीच्या एलडीआरला वीस-तीस मिलीसेकंद लागतात. गायन, बासरी, बास गिटार, निवेदन यांना ते सोयीचे. ढोलकीची थाप पकडायला हे यंत्र नाही, थाप निघून गेल्यावर ते जागे होते.

शेवटी ध्रुवता तपासा. ऑडिओच्या वाटेत ईसीसी८३ सिग्नल एकदा उलटा करतो. मूळ आवाज आणि कॉम्प्रेस केलेला आवाज एकत्र मिसळल्यावर खर्ज गायब झाला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची दोन टोके अदलाबदल करा.